शिमोन चांभाराचे घर : गंध आणि समाज यांच्या इतिहासातील काही पाने

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायाच्या अगदी शेवटी एक लहानशी नोंद आहे. पेत्राने यापो येथे बराच काळ मुक्काम केला आणि तो मुक्काम शिमोन नावाच्या एका चांभाराकडे होता, एवढेच लूक तेथे सांगतो. उपदेशाची तयारी करताना आपण बहुधा ही नोंद ओलांडून पुढे जातो, कारण दहाव्या अध्यायातील कर्नेल्य शताधिपतीची मोठी कथा आपली वाट पाहत असते. परंतु लूक हा शब्द तोलून वापरणारा लेखक आहे. यजमानाचा धंदा त्याने तीन वेळा, आणि ते घर समुद्राच्या काठी होते ही गोष्ट दोन वेळा सांगितली आहे. ती का, याचा विचार करू लागले म्हणजे समाजाच्या इतिहासातील एका दुर्लक्षित दालनाचे दार उघडते. ते दालन म्हणजे गंधाचा इतिहास होय.

मराठी शास्त्रात 'चांभार' असा शब्द योजला असला, तरी मूळ ग्रीक शब्द 'बुर्सेउस' असा आहे. त्याचा अर्थ जोडे शिवणारा नव्हे, तर कातडी कमावणारा, म्हणजे आपल्याकडे ढोर समाजाकडे जे काम होते ते करणारा. मेलेल्या जनावराचे कातडे भिजवायचे, त्यावरील केस व मांस खरवडून काढायचे, जनावरांच्या विष्ठेत मळून ते मऊ करायचे आणि मग झाडाच्या सालीच्या अर्कात मुरवत ठेवायचे, असे हे काम. त्याचा वास भिंतींत, कपड्यांत, केसांत मुरतो आणि अंघोळीनेही लवकर जात नाही. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी धर्मशास्त्रग्रंथात असा नियम आहे, की कातडी कमावण्याची जागा गावापासून निदान पन्नास हात दूर, आणि तीही केवळ पूर्वेच्या बाजूस असावी. त्या देशात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. समुद्राकाठच्या घराचा उलगडा येथे होतो.

त्याच ग्रंथात याहून बोलका असा आणखी एक नियम आहे. ज्यांच्या पत्नीने मागणी केल्यास त्यांना सूटपत्र देण्यास भाग पाडावे, अशा पुरुषांच्या यादीत कातडी कमावणारा येतो. लग्नापूर्वी तिने हा धंदा मान्य केला असला तरी, मला सोसवेल असे वाटले होते पण आता सोसवत नाही, असे म्हणण्याची तिला मुभा आहे. पुढे सीदोन येथील एक प्रकरण नोंदविले आहे. एक कातडी कमावणारा निपुत्रिक वारला. नियमाप्रमाणे त्याच्या विधवेने दिराशी विवाह करावयाचा; पण दीरही तोच धंदा करणारा होता. पंडितांनी निर्णय दिला, की पतीचे मी सहन करू शकले, दिराचे करू शकत नाही, असे म्हणण्याचा तिला अधिकार आहे.

दोघा भावांचा धंदा एक, दोघांच्या अंगाचा वास एक. मग एकाचा सोसवला आणि दुसऱ्याचा का सोसवू नये? या प्रश्नात प्रस्तुत लेखाचा सारा विषय आला आहे. नाक नुसता वास घेत नाही. ते नाते ओळखते. आणि जेथे नाते मानायचे नसते, तेथे ते वासाचे निमित्त शोधते.

नाकाची घडण

आपल्या भाषेत 'वास' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वास म्हणजे गंध, आणि वास म्हणजे राहणे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे शब्द वेगळे असतील. पण व्यवहारात मनुष्य जेथे राहतो, जे खातो, जे काम करतो, त्याचाच गंध त्याच्या अंगाला येतो. म्हणूनच गंधावरून माणसाचे घर, धंदा आणि पायरी ओळखण्याची सवय सर्व समाजांना जडलेली दिसते.

तत्त्वज्ञांनी या इंद्रियाकडे फारसे लक्ष दिले नाही. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९८ साली असे मत मांडले, की सर्व इंद्रियांत घ्राणेंद्रिय हे जोपासण्यास सर्वांत कमी लाभाचे व सहज सोडून देता येण्याजोगे आहे. हे किती अपुरे होते, ते २०२० सालापासूनच्या कोविडच्या साथीत अनेकांच्या प्रत्ययास आले. ज्यांची गंधसंवेदना गेली त्यांना अन्नाची रुची उरली नाही, आणि स्वतःच्या घरातही परक्यासारखे वाटू लागले.

याचे कारण शरीररचनेत आहे. डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले मेंदूतील एका मध्यवर्ती ठाण्यातून मग पुढे जाते. गंधाची वाट तशी नाही. नाकाच्या छताशी असलेल्या पेशींपासून निघालेली संवेदना मेंदूच्या ज्या भागांत भय, प्रीती, किळस आणि स्मरण यांची केंद्रे आहेत त्यांच्याकडे फार जवळच्या वाटेने पोचते. विचार जागा होण्याच्या आधी भावना जागी झालेली असते. या पेशींवरील गंधग्राहकांचा जनुकसमूह लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढला आणि त्यासाठी २००४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार आहेत. जन्मून काही दिवसच झालेले अर्भक आपल्या आईच्या दुधाचा वास दुसऱ्या स्त्रीच्या दुधाच्या वासापासून वेगळा ओळखते, हे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. मनुष्याची पहिली ओळख, पहिले नाते, गंधाचे असते.

परंतु गंध चांगला की वाईट हा निवाडा मात्र बहुतांशी शिकलेला असतो, आणि त्यात कानावर पडलेल्या शब्दांचा वाटा मोठा असतो. १८९९ साली अमेरिकेतील वायोमिंग येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडविन स्लॉसन यांनी एका व्याख्यानात कापसावर बाटलीतील द्रव ओतला आणि श्रोत्यांस सांगितले, की याला एक विचित्र वास आहे. तो ज्याला येईल त्याने हात वर करावा. पंधरा सेकंदांत पुढच्या रांगेतील बहुतेकांचे हात वर झाले. चाळीस सेकंदांत तो 'वास' मागच्या भिंतीपर्यंत पोचला. सुमारे तीन चतुर्थांश श्रोत्यांना तो आला. पुढे बसलेल्या काहींना मळमळू लागले, तेव्हा एका मिनिटात प्रयोग आवरता घ्यावा लागला. बाटलीत शुद्ध पाणी होते. पुढे २००१ साली रेचेल हर्झ यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच मिश्रण काहींना चीज म्हणून आणि काहींना वांती म्हणून हुंगायला दिले. पहिल्यांना ते आवडले, दुसऱ्यांनी तोंड फिरविले. मिश्रण तेच, फक्त नाव बदलले होते.

द्रवाच्या नावाने जे घडते ते माणसांच्या नावानेही घडते. जातीचे नाव, वंशाचे नाव, वस्तीचे नाव कानी पडताच नाकाला वास येऊ लागतो. याची साक्ष इतिहासात पानोपानी आहे.

धूप जाळणारे आणि न जाळणारे

रोमी साम्राज्यात धूप हा केवळ सुगंध नव्हता, तर निष्ठेचा पुरावा होता. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी याच्यापुढे ख्रिस्ती म्हणून आरोपी आणले जात, तेव्हा तो त्यांस सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व द्राक्षारस अर्पावयास सांगे. चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकला की सुटका. इ. स. २५० मध्ये डेसिअस सम्राटाच्या हुकुमाने साम्राज्यातील प्रत्येकाला असे अर्पण करून दाखला घ्यावा लागला. अशा दाखल्यांचे चाळीसहून अधिक कागद मिसर देशाच्या वाळूत सापडले आहेत. ज्यांनी भीतीपोटी केवळ धूप जाळला त्यांच्यासाठी मंडळीत एक वेगळे नावच पडले, आणि त्यांना परत घ्यावे की न घ्यावे या प्रश्नाने मंडळी दुभंगण्याची वेळ आली.

म्हणजे आरंभीची मंडळी गंधाने ओळखू येत होती, ती गंधाच्या अभावाने. ज्या घरांतून, ज्या दुकानांतून शेजाऱ्यांसारखा धुपाचा वास येत नसे ती घरे ख्रिस्ती होती. तेर्तुल्यन याने इ. स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या समर्थनात यावर मार्मिक उत्तर दिले. आम्ही धूप विकत घेत नाही अशी तक्रार असेल तर अरबस्तानच्या व्यापाऱ्यांना विचारा, देवांना धुरी देण्यापेक्षा ख्रिस्ती लोकांना पुरण्यातच त्यांचा अधिक माल खपतो, अशा आशयाचे ते आहे. सम्राटाला नाकारलेला सुगंध त्यांनी मृतांना दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. छळ संपल्यावर धूप उपासनेत आला. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमेची यात्रा केलेल्या एगेरिया या स्त्रीने, रविवारी पहाटे पुनरुत्थानाच्या मंदिरात धूपपात्रे आणली जात आणि सारे मंदिर सुगंधाने भरून जाई, असे लिहून ठेवले आहे. जो गंध कालपर्यंत विश्वासघाताचा होता, तो शंभर-सव्वाशे वर्षांत प्रार्थनेचा झाला. राळ तीच होती. तिचा अर्थ बदलला होता.

नव्या करारातील सर्वांत प्रसिद्ध सुगंधाचा आपल्या देशाशी प्रत्यक्ष संबंध आहे. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या चरणांस जे तेल लावले ते जटामांसीचे होते, आणि जटामांसी हिमालयाच्या उंच उतारांवर उगवते. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रमार्गाच्या वर्णनात उज्जयिनीच्या वर्णनाबरोबरच उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून येणाऱ्या जटामांसीचा उल्लेख आहे, आणि ती भडोच बंदरातून निर्यात होत असे असे म्हटले आहे. दुसऱ्या शतकातील एका करारपत्राचा पपायरस व्हिएन्ना येथे जतन केला आहे. त्यात केरळच्या मुझिरिस बंदरातून गेलेल्या 'हर्मापोल्लोन' नावाच्या जहाजावरील मालात गंगेच्या प्रदेशातील जटामांसीच्या साठ पेट्या नमूद आहेत. तीनशे दिनारांचे मोल, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई, का सांगितले गेले ते या लांबच्या प्रवासावरून समजते.

मार्काच्या वृत्तांताप्रमाणे बेथानीचे ते घर कुष्ठरोगी शिमोनाचे होते. योहान म्हणतो, की घर सुगंधाने भरून गेले. ज्या घराचे नाव घेताच लोक नाकाला पदर लावत असतील, तेच घर प्रभूच्या उपस्थितीत राजवाड्यासारखे दरवळले. मात्र तेथेही एकाने नाक मुरडले, आणि त्याने पुढे केलेले कारण गरिबांचे होते.

बाप्तिस्म्याचे पाणी आणि हिंगाचा खडा

यापुढील पान वाचताना आपणां ख्रिस्ती लोकांस मान खाली घालावी लागते. मध्ययुगीन युरोपात असा समज रूढ होता, की यहुदी लोकांच्या अंगाला उपजतच एक दुर्गंधी असते आणि ती बाप्तिस्म्यानेच जाते. हा समज बाजारातील गप्पांपुरता नव्हता. इ. स. ५७६ मध्ये गॉल देशातील क्लेरमाँ येथे जमावाने यहुद्यांचे सभास्थान पाडले आणि बिशप अविटस याने त्यांच्यापुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग असे दोन पर्याय ठेवले. पाचशेहून अधिक लोकांनी बाप्तिस्मा घेतला. उरलेले मार्सेय शहरी निघून गेले. या प्रसंगाच्या गौरवार्थ कवी वेनान्तिउस फोर्तुनातुस याने काव्य रचले, आणि त्यात बाप्तिस्म्याच्या पाण्याने यहुद्यांचा वास धुतला जाऊन नवा सुगंध दरवळल्याचे वर्णन केले. पौलाने करिंथकरांस लिहिताना ख्रिस्ताच्या सुगंधाची जी उपमा दिली होती, तिचे येथे शेजाऱ्याला हिणवण्याच्या साधनात रूपांतर झाले. जो येशू स्वतः यहुदी होता, ज्याची आई यहुदी होती, त्याच्याच नावाने हे घडले. इंग्लंडातील टॉमस ब्राउन या वैद्याने १६४६ साली लोकभ्रमांवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा या भ्रमाला त्याने एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि तो निराधार असल्याचे दाखविले. यावरून तो हजार वर्षांनंतरही किती जिवंत होता हे कळते.

याच भ्रमाच्या छायेत वावरलेल्या एका कुळातील पुरुष गोव्यात येऊन गंधद्रव्यांचा मोठा अभ्यासक झाला, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे. गार्सिया द ओर्ता याचे आईबाप स्पेनमधून पोर्तुगालमध्ये आलेले यहुदी. १४९७ साली तेथील यहुद्यांवर बाप्तिस्मा लादण्यात आला, त्यात तेही सापडले. ओर्ता १५३४ साली वैद्य म्हणून गोव्यास आला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या 'संवाद' या ग्रंथात जटामांसी, कापूर, ऊद, चंदन इत्यादी हिंदी द्रव्यांची डोळस चर्चा आहे. त्यातील हिंगाचे प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. हिंगाचे लॅटिन नावच दुर्गंधी या अर्थाचे. जर्मन लोक तर त्याला सैतानाची विष्ठा म्हणतात. आपल्या घरांत मात्र त्याची फोडणी बसल्याशिवाय वरणाला वरणपण येत नाही. ओर्ता एक गोष्ट सांगतो. विजयनगरात एका पोर्तुगीजाच्या उमद्या घोड्याला पोटाचा विकार होता, म्हणून राजा तो विकत घेईना. पिठातून हिंग चारल्यावर घोडा बरा झाला. राजाने उपाय विचारला; हिंग असे कळताच तो म्हणाला, की यात नवल नाही, तू त्याला देवांचे अन्न चारलेस. पोर्तुगीज हळूच आपल्या भाषेत पुटपुटला, की सैतानाचे म्हटले असते तर शोभले असते. एकच खडा, एकाच दरबारात, एकाला देवान्न आणि दुसऱ्याला सैतानाचा घास!

ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या धर्मन्यायालयाने गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळले, आणि १५८० साली खुद्द त्याच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. बाप्तिस्म्याने ज्यांचा 'वास' गेला असे म्हटले जाई, त्यांचा संशय मात्र कबरेतही सुटला नाही. जो दुर्गंध नाकातून नव्हे तर मनातून उठतो, तो पाण्याने कसा जावा?

दूषित हवा आणि गरिबांच्या वस्त्या

एकोणिसाव्या शतकात या जुन्या तिरस्काराला शास्त्राचा वेष चढला. कुजलेल्या पदार्थांतून उठणारी दूषित हवा हेच रोगांचे मूळ, असे तेव्हाचे वैद्यक मानीत असे. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच इटालियन भाषेत वाईट हवा असा आहे. इंग्लंडातील आरोग्यसुधारणेचे अध्वर्यू एडविन चॅडविक यांनी १८४२ साली श्रमिकांच्या वस्त्यांविषयी प्रसिद्ध अहवाल लिहिला, आणि १८४६ साली एका समितीपुढे तीव्र दुर्गंधी म्हणजेच रोग अशा अर्थाची साक्ष दिली. परिणाम असा झाला, की गटारांची घाण वेगाने टेम्स नदीत सोडण्यात आली. गल्लीतला वास कमी झाला, पण जे पाणी शहर पीत होते त्यातच पटकी मिसळली. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधील एका पंपाच्या पाण्यावरून पटकीचा प्रसार दाखवून दिला, तरी बहुतेकांचा विश्वास नाकावरच राहिला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्याच्या क्षाराने भिजवलेले पडदे लावावे लागले. ज्या सभागृहाला गरिबांचे मृत्यू वर्षानुवर्षे हलवू शकले नव्हते, त्याने स्वतःच्या नाकाला झोंबल्यावर काही आठवड्यांत कायदा केला, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने भुयारी गटारांचे भव्य जाळे उभारले. त्यातून पुष्कळ जीव वाचले, हे मान्य केले पाहिजे. चुकीच्या समजुतीतूनही कधी कधी हिताचे काम घडते.

या समजुतीचा खरा अंत करणारा एक शोध आपल्या हैदराबादच्या शेजारी लागला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. वाईट हवेचा रोग हवेचा नव्हताच. तरीही जुनी समजूत लगेच हटली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी एक ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून रुंद रस्ते काढण्यात आले. त्यासाठी ज्यांची घरे पाडली त्यांत हजारो गरीब होते, आणि जितकी घरे पाडली तितकी पुन्हा बांधली गेली नाहीत. उंदरावरील पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी त्याच १८९८ साली कराचीत दाखविले होते.

आलँ कॉर्बँ या फ्रेंच इतिहासकाराने १९८२ साली गंधाच्या इतिहासावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा बदल नीट मांडला आहे. दलदल, स्मशान, गटार यांच्या वासाची भीती हळूहळू त्यांच्याजवळ राहणाऱ्या माणसांकडे वळली. गरीब माणूस घाणीजवळ राहतो, असे न म्हणता गरीब माणूसच घाण आहे, असे म्हटले जाऊ लागले. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ साली तर सरळ म्हटले, की सामाजिक प्रश्न हा केवळ नीतीचा नव्हे तर नाकाचाही प्रश्न आहे. श्रमिकांशी बंधुभावाच्या गोष्टी करणारे सुशिक्षित लोक घामाच्या वासापाशी अडखळतात. जॉर्ज ऑर्वेल याने १९३७ साली खाणकामगारांवरील आपल्या पुस्तकात कबूल केले, की खालच्या वर्गाच्या अंगाला वास येतो हे लहानपणीच मनावर बिंबविले जाते, आणि मतांतील भेद मिटले तरी ही शिसारी मिटत नाही.

आपल्या गावकुसाबाहेर

झिमेलने जे बर्लिनमध्ये पाहिले ते आपल्या गावगाड्यात शतकानुशतके व्यवस्थेचाच भाग होते. मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे, मैला वाहणे ही कामे काही जातींच्या माथी मारायची, आणि मग त्या कामांचा वास त्यांच्या अंगाला येतो म्हणून त्यांना गावकुसाबाहेर ठेवायचे. काम गावाचे होते, वास मात्र त्यांचा ठरला. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, त्यामागे हीच ओळख होती, की लादलेल्या जीवनाची खूण माणसावर कायमची कोरली जाऊ द्यायची नाही. त्याच परिषदेनंतर चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर सनातन्यांनी ते तळे शेणगोमूत्रासह पंचगव्याने 'शुद्ध' केले. शुद्धाशुद्धतेचा निर्णय नाक करीत नव्हते हे यावरून उघड होते. निर्णय आधीच झालेला होता.

हा इतिहास आपल्याला परका नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज याच गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून प्रभूकडे आले. मैला वाहण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ साली व पुन्हा २०१३ साली झाले. तरी गटारात उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. ज्यांच्या श्रमाने आपल्या घराला वास येत नाही, त्यांना आपण वासावरून ओळखतो.

नाते बदलले की नाक बदलते

नाकाचा हा निवाडा अटळ आहे काय? स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना घामाने भिजलेले सदरे हाताळून हुंगावयास दिले. एकावर त्यांच्याच विद्यापीठाचे चिन्ह होते, एकावर शेजारच्या डंडी विद्यापीठाचे, आणि एक कोरा होता. सदरा परक्याचा किंवा कोरा असला की विद्यार्थी हात धुण्यासाठी झपाझप चालत जात. आपल्यांपैकी कोणाचा असला की पावले सावकाश पडत, आणि हात धुण्याचे द्रवही कमी लागे. सीदोनच्या विधवेची गोष्ट अठराशे वर्षांनी प्रयोगशाळेत खरी ठरली. किळस आधी आणि दुरावा मागून येतो असे आपण समजतो. पुष्कळदा दुरावा आधी असतो.

म्हणून उपाय नाकावर नव्हे, नात्यावर करावा लागतो. फादर दामियान १८७३ साली हवाई बेटांतील मोलोकाई येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले, तेव्हा त्यांना काही दैवी सुगंध आला नाही. कबुलीजबाब ऐकताना जखमांची दुर्गंधी असह्य होई, आणि ती मारण्यासाठी आपण तंबाखूची चिलीम ओढू लागलो, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. या प्रामाणिकपणात त्यांच्या साधुत्वाचे मोल कमी होत नाही, वाढते. वास येत असताना ते तेथे बसले, त्यांच्याबरोबर जेवले, त्यांच्या जखमा बांधल्या, आणि बोलताना 'तुम्ही कुष्ठरोगी' न म्हणता 'आम्ही कुष्ठरोगी' म्हणू लागले. १८८९ साली त्याच रोगाने ते वारले. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ रोजी याजकांस उद्देशून मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास असावा असे जे म्हटले, त्याचा अर्थ दामियान यांच्या चरित्रात आधीच लिहिलेला होता.

पाळक, प्रचारक आणि धर्मशिक्षक यांना हा विषय पुस्तकी वाटू नये. रुग्णाच्या खाटेशी, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या खोलीत, मद्याच्या वासाने भरलेल्या झोपडीत, मच्छीमाराच्या किंवा सफाई कामगाराच्या ओसरीवर आपण जातो. तेथे आपले शब्द ऐकू येण्याआधी आपला चेहरा वाचला जातो. किंचित आखडलेली नाकपुडी, दाराशीच उभे राहून आटोपलेली प्रार्थना, नको म्हटलेला चहाचा पेला, यांतून जो उपदेश होतो तो पुढील रविवारचा उत्तम उपदेशही पुसू शकत नाही. आणि काही मिनिटे बसून राहिल्यास नाक त्या वासाला सरावते, वास जाणवेनासा होतो, ही तर देवाने या इंद्रियातच ठेवलेली सोय आहे. जो लगेच उठतो त्याला ती मिळत नाही. लाजराच्या कबरेपाशी मार्थेने दुर्गंधीची भीती बोलून दाखविली, तेव्हा प्रभूने ती खोटी म्हटली नाही. त्याने धोंड काढण्यास सांगितले.

आता पुन्हा यापोच्या समुद्रकाठी जाऊ. पेत्र दुपारी धाब्यावर प्रार्थनेस गेला, तेव्हा खालून कातड्यांच्या हौदांचा वास येतच असणार. त्याच धाब्यावर त्याला अशुद्ध प्राण्यांनी भरलेल्या चादरीचा दृष्टांत झाला. देवाने शुद्ध केले त्याला निषिद्ध मानू नये हा धडा त्याला यरुशलेमेच्या मंदिरात मिळाला नाही; ज्या घरात राहून त्याचे नाक आधीच निवळू लागले होते तेथे मिळाला. मग दाराशी कर्नेल्याची परजातीय माणसे आली. पेत्राने त्यांना दारातून परत लावले नाही. आत बोलावले आणि मुक्कामाला ठेवून घेतले. ते घर त्याचे नव्हते. ज्याला गावाने वासासाठी पन्नास हात दूर ठेवले होते, त्या शिमोनाच्या छपराखाली यहुदी आणि विदेशी त्या रात्री एकत्र झोपले, आणि सकाळी तेथूनच सुवार्ता आपल्या सर्वांच्या दिशेने निघाली.